बेपत्ता माणसांचे पत्ते

सिसिली बेटाच्या दक्षिण टोकाला पोर्टोपालो नावाचे मासेमारीचे गाव आहे. 1997 सालच्या जानेवारीत या गावच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत मासळीबरोबर माणसांची प्रेते येऊ लागली. एकाच बोटीला नव्हे, अनेक बोटींना. आणि एकदाच नव्हे, कितीतरी आठवडे. पोलिसांना कळवायचे तर बोट बंदरात अडकून पडणार, जबाब द्यावे लागणार, पाण्याचा तो पट्टा मासेमारीला बंद होणार. बहुतेकांनी प्रेते पुन्हा समुद्रात सोडली आणि धक्क्यावर परतून मासळी विकली. जाळ्यांना काय लागते आहे हे गावात साऱ्यांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

पुढे साल्वातोरे लूपो नावाच्या मच्छीमाराच्या जाळ्यात एक पँट आली. खिशात प्लास्टिकमध्ये मढवलेले ओळखपत्र होते. त्यावरचा फोटो श्रीलंकेतल्या एका सतरा वर्षांच्या तमिळ मुलाचा होता. लूपोला ते फेकवले नाही. 2001 मध्ये त्याने 'ला रेपुब्लिका' या दैनिकाचे पत्रकार जोव्हान्नी मारिया बेल्लू यांना गाठले. त्याच वर्षी जूनमध्ये पाण्याखाली चालणारा कॅमेरा सोडला गेला. किनाऱ्यापासून 19 सागरी मैलांवर, 108 मीटर खोलीवर, एका बोटीचा सांगाडा आणि त्याच्या आसपास माणसांच्या खुणा दिसल्या. गावाने लूपोकडे पाठ फिरवली. त्याने गावाचे नाव खराब केले, असे लोकांचे म्हणणे होते.

त्या बोटीचे नाव 'एफ 174'. 1996 च्या नाताळच्या रात्री 'योहान' नावाच्या मोठ्या जहाजावरून तीनशेहून अधिक माणसे तिच्यावर उतरवण्यात आली. इतक्या माणसांसाठी ती बांधलेलीच नव्हती. खवळलेल्या समुद्रात ती पाणी घेऊ लागली, मदतीसाठी मागे वळलेले 'योहान' तिच्यावरच आदळले आणि ती बुडाली. सुमारे 283 माणसे गेली. ती भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतली होती. भारतातली बहुतेक पंजाबची. जी थोडी माणसे पुन्हा जहाजावर चढू शकली त्यांना कप्तानाने ग्रीसच्या किनाऱ्यावर सोडून दिले. त्यांनी तिथल्या पोलिसांना सगळे सांगितले. इटलीच्या यंत्रणेने समुद्रात शोध घेतला, काही मिळाले नाही, आणि वाचलेल्यांची गोष्ट बनाव ठरली. तीनशे माणसांची जलसमाधी चार वर्षे 'कथित' राहिली. ज्या दिवसांत ती कथित ठरवली जात होती, त्याच दिवसांत काही मैलांवर जाळी वर ओढली जात होती.

पंजाबात ही घटना 'माल्टा कांड' म्हणून लोकांच्या लक्षात आहे. होशियारपूरचे समाजवादी कार्यकर्ते बलवंतसिंग खेडा यांनी बुडालेल्यांच्या कुटुंबांना एकत्र करून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तो केला नसता, तर या देशातल्या कागदांवर ही माणसे परदेशी गेली, एवढीच नोंद राहिली असती. आणि तीही सगळ्यांची नाही. हे पुस्तक लिहिण्याचा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला तो पोर्टोपालोविषयी वाचताना. प्रेते मिळाली होती. नावे मिळाली होती. साक्षीदार जिवंत होते. तरीही ती माणसे बेपत्ताच होती.

हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. बेपत्ता म्हणजे ज्याचा पत्ता नाही तो. पण ज्याला आपण बेपत्ता म्हणतो त्याचा पत्ता तर घरच्यांना तोंडपाठ असतो. गाव, वाडी, बापाचे नाव, शाळा, डाव्या भुवईवरची खूण. त्याच वेळी कुठल्यातरी परक्या किनाऱ्यावर एक देह असतो, त्याच्या पायाच्या अंगठ्याला क्रमांकाची चिठ्ठी असते आणि पोलीस त्याला बेवारस म्हणतात. वारस असतात. ते दोन हजार मैलांवर, बंद पडलेल्या नंबरावर दिवसातून चारदा फोन लावत असतात. म्हणजे एका दप्तरात देह नसलेले नाव आहे आणि दुसऱ्या दप्तरात नाव नसलेला देह आहे. ही दोन दप्तरे एकमेकांसमोर कधी उघडलीच जात नाहीत. बेपत्ता होणे हे पुष्कळदा समुद्रात किंवा वाळवंटात घडत नाही. ते या दोन दप्तरांच्या मधल्या अंतरात घडते. या पुस्तकात मला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः हेच.

अंतर का पडते, याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण प्रवासातच दडलेले आहे. ट्युनिशिया आणि अल्जीरियात अशा प्रवाशांना 'हर्रागा' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ जाळणारे. सीमा जाळणारे आणि आपले कागदही जाळणारे. कारण पकडले गेलो तर देश कळू नये, परत पाठवता येऊ नये. आपल्याकडे 'डंकी' म्हणतात त्या चोरवाटेवर एजंट पासपोर्ट काढून घेतो, कधी दुसऱ्याच नावाचा देतो. जो कागद माणसाला जिवंतपणी धोक्यात घालतो तोच मेल्यावर त्याला घरी पोचवू शकला असता. दुसरे कारण भूगोलाचे. माणूस मालीचा, बोट लिबियाची, जहाज तिसऱ्याच देशाचे, देह सिसिलीत, भाऊ जर्मनीत. तक्रार नेमकी कोणत्या ठाण्यात नोंदवायची? आपल्या ठाण्यात हवालदार विचारतो, "कुठून हरवला?" आणि बापाला उत्तर देता येत नाही. तिसरे कारण भीतीचे. जो भाऊ जर्मनीत आहे त्याच्याकडेही कागद नसतील, तर तो पोलिसांत जाणार नाही. गावातला एजंट दाराशी येऊन बजावतो, तक्रार केलीत तर मुलगा कायमचा अडकेल. मागे राहिलेली आई गप्प बसते, आणि तिचे गप्प बसणे कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

आकडे आहेत. ते कमी पडणारे आहेत हे ध्यानात ठेवून वाचायचे. 3 ऑक्टोबर 2013 रोजी इटलीच्या लांपेदूसा बेटापासून हाकेच्या अंतरावर एक बोट पेटून उलटली आणि 368 माणसे गेली. बहुतेक इरिट्रियाची होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेने अशा मृत्यूंची आणि बेपत्ता होण्याची जगभरची नोंद ठेवायला घेतली. 2014 ते 2024 या काळात ती 70 हजारांच्या वर गेली. एकट्या 2024 मध्ये 8,938. हे त्यातले सर्वांत वाईट वर्ष. पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की जवळपास 60 टक्के माणसे बुडून गेली होती आणि दोन तृतीयांशांहून अधिक जणांची ओळख पटलेली नव्हती. सहारा वाळवंटात ट्रकवरून पडून मागे राहिलेला माणूस या यादीत येतो तो त्याच ट्रकवरच्या कोणी पुढे जाऊन सांगितले तर. सांगणाराही पुढे बुडाला, तर दोघेही यादीबाहेर.

जे करता येते त्याची गोष्ट मला जास्त विस्ताराने सांगायची आहे, कारण 'इतक्या माणसांची ओळख पटवणार तरी कशी' या प्रश्नामागे लपणे फार सोपे आहे.

18 एप्रिल 2015 च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला मासेमारीची एक बोट पोर्तुगालचा झेंडा लावलेल्या 'किंग जेकब' या मालवाहू जहाजावर आदळून बुडाली. 28 जण वाचले. बोटीवर सातशे माणसे होती असे आधी वाटले. पुढच्या तपासानंतर आकडा हजारापर्यंत आणि त्याही पुढे गेला. बोट सुमारे 370 मीटर खोल होती. इटलीच्या सरकारने ती वर काढायचे ठरवले. 2016 च्या उन्हाळ्यात ती सिसिलीच्या किनाऱ्यावर आणली गेली. अग्निशमन दलाच्या जवानांनी तिच्या पोटातून देह बाहेर काढले. एंजिनच्या खोलीत, नांगराच्या साखळीच्या कप्प्यात, जिथे उभे राहायलाही जागा नव्हती तिथे माणसे कोंबलेली होती. मग न्यायवैद्यकाचे काम सुरू झाले. इटलीतल्या वेगवेगळ्या विद्यापीठांतून डॉक्टर आणि विद्यार्थी पैसे न घेता आले. त्यांच्या पुढे होत्या मिलान विद्यापीठातल्या 'लाबानोफ' प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्तिना कात्तानेओ.

पाण्यात वर्षभर राहिलेल्या देहाचा चेहरा राहत नाही. कपडे राहतात. कात्तानेओंच्या हाताखाली एका मुलाचे जाकीट आले, अंदाजे चौदा वर्षांच्या. आतल्या बाजूला काहीतरी शिवलेले हाताला लागले. टाके उसवले तेव्हा घडी घातलेला कागद निघाला. ते त्याचे शाळेचे प्रगतिपुस्तक होते, फ्रेंचमध्ये: गणित, भौतिकशास्त्र आणि इतर विषय, समोर गुण. तो मालीचा होता. युरोपात पोचल्यावर मी चांगला विद्यार्थी आहे हे दाखवायला लागेल, असे त्याला वाटले असणार. दुसऱ्या एकाच्या कपड्यांत छोटीशी पुडी बांधलेली होती. आधी सगळ्यांना वाटले, अमली पदार्थ असेल. ती माती होती. आपल्या गावची.

मराठी वाचकाला या मातीचा अर्थ समजावून सांगायला नको. प्रगतिपुस्तकाचा मात्र मी पुष्कळ दिवस विचार करत राहिलो. आपल्याकडे निकालाच्या दिवशी घरोघरी जो कागद देवापुढे ठेवला जातो, तो एका मुलाने जाकिटाच्या अस्तरात शिवून घेतला. कोणी शिवून दिला असेल? एवढे सरळ टाके तो घालू शकत होता, की घरातल्या कोणीतरी दिव्याखाली बसून घातले?

कात्तानेओंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली आहे: ओळख पटवायची ती मेलेल्यासाठी नव्हे, जिवंतांसाठी. भावनेपलीकडेही तिला अर्थ आहे. आईबाप बुडाले आणि पोर वाचले, तर त्या पोराला युरोपातल्या काकाकडे पाठवायला आईबापांच्या मृत्यूचा दाखला लागतो. विधवेला मुलांचे पालकत्व, जमीन, पुनर्विवाह या प्रत्येक ठिकाणी तोच कागद लागतो. देहाला नाव मिळाले नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर जिवंत माणसाचे आयुष्य जिथे होते तिथे अडकून पडते. कात्तानेओंनी रीत बदलली तीही याच गरजेतून. डीएनएचा नमुना, बोटांचे ठसे, दातांची डॉक्टरी नोंद ही ओळख पटवण्याची मान्य साधने. पण इरिट्रियातून पळालेल्याच्या बापाचा डीएनए आणायचा कसा? तिथल्या सरकारला कळले तर बापच तुरुंगात जाईल. म्हणून फेसबुकवरच्या हसऱ्या फोटोतले दात, कानाच्या पाळीचा आकार, तीळ, जुन्या भाजल्याचा व्रण, गोंदण यांवर त्यांनी भर दिला. खर्च फार मोठा नाही. लागतो तो चिवटपणा, आणि समोर बसलेल्या नातेवाइकाला ऐकून घेण्याची तयारी.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एव्रोस नदीकाठी असेच काम एका माणसाने पंचवीस वर्षे केले आहे. अलेक्झांड्रुपोलीच्या रुग्णालयातले न्यायवैद्यकतज्ज्ञ पाव्लोस पाव्लिदिस नदीत बुडालेल्यांच्या आणि काठावर थंडीने गारठून मेलेल्यांच्या वस्तू पाकिटांत घालून ठेवतात: अंगठ्या, जपमाळा, घड्याळे, बंद पडलेले फोन. अंगठीच्या आत कोरलेले नाव चिखलातही टिकते.

ज्यांना हे सगळे अशक्य वाटते त्यांनी 2004 ची त्सुनामी आठवावी. थायलंडच्या किनाऱ्यावर हजारो देह कुजत होते आणि त्यांत युरोपातले पर्यटक पुष्कळ होते. तीसहून अधिक देशांची पथके आली, दातांच्या नोंदी विमानाने मागवल्या गेल्या आणि बहुसंख्य देह आपापल्या घरी पोचले. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात 1995 मध्ये मारलेल्या सुमारे आठ हजार माणसांची हाडे मारेकऱ्यांनी यंत्रांनी उकरून वेगवेगळ्या खड्ड्यांत विखुरली होती. एकाच माणसाची हाडे चार-पाच ठिकाणी मिळाली. तरीही डीएनएच्या मदतीने जवळपास सात हजारांना नावे परत मिळाली. 14 जून 2023 रोजी ग्रीसच्या पायलोसजवळ 'अद्रियाना' ही बोट बुडाली तेव्हा पाकिस्तानच्या पंजाबात आणि काश्मीरच्या त्या बाजूला घराघरांतून आईबापांचे नमुने घेतले गेले. बोटीवर सुमारे साडेसातशे माणसे होती. 104 वाचली, 82 देह हाती लागले, बाकीचे भूमध्य समुद्राच्या सर्वांत खोल भागांपैकी एकात आहेत. मिळालेल्या देहांना मात्र नावे मिळू शकली, कारण कोणीतरी दोन्ही दप्तरे उघडली. 1949 च्या जिनिव्हा करारांनुसार युद्धात मेलेल्या शत्रूच्या सैनिकाचीही ओळख नोंदवणे, त्याला दफन करणे आणि त्याच्या कबरीवर खूण ठेवणे बंधनकारक आहे. ज्याने आपल्यावर बंदूक रोखली त्याला आपण हे देतो. कामाच्या शोधात निघालेल्या माणसासाठी असे बंधन नाही. 2018 च्या डिसेंबरमध्ये माराकेशला स्वीकारल्या गेलेल्या स्थलांतरविषयक जागतिक कराराचे आठवे उद्दिष्ट नेमके हेच मागते, पण तो करार देशांना कायद्याने बांधत नाही.

आता मागे राहिलेल्यांकडे येतो.

माझ्या लहानपणी रत्नागिरीकडे आमच्या आळीत एक काकू होत्या. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. एका सफरीनंतर पत्र आले नाही, पैसे आले नाहीत. काकू कुंकू लावत राहिल्या. काही बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलावत, काही टाळत. कोणाचेच चुकत होते असे नाही, काय करावे ते कोणालाच कळत नव्हते. बारा वर्षे झाली तेव्हा भटजींनी पालाशविधी सुचवला. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांच्या 360 देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. आपल्या पूर्वजांनी या दुःखाचा विचार करून ठेवला होता, हे मला आजही मोठे वाटते. काकूंनी तो करू दिला नाही. "अग्नी द्यायचा म्हणजे मीच त्यांना मारायचं," एवढेच त्या म्हणाल्या.

अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी या अवस्थेचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि तिला धूसर राहिलेला वियोग अशा अर्थाचे नाव दिले. मेलेल्याचे सुतक असते आणि ते फिटते. न परतलेल्याचे सुतक सुरूच होत नाही. दार वाजले की काळजाचा ठोका चुकतो. दुःख केले तर अपराध वाटतो, आणि नाही केले तरी वाटतो. 2011 च्या क्रांतीनंतर ट्युनिशियातून निघालेल्या मुलांच्या आयांनी इटालियन टीव्हीच्या बातम्यांत आपला मुलगा दिसल्याचे सांगितले. काही सेकंदांची चित्रफीत, गर्दीतला एक चेहरा. त्या आया वर्षानुवर्षे छातीशी फोटो धरून दोन्ही देशांच्या कचेऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा तुरुंगात असेल, ही त्यांची आशा होती. मुलगा तुरुंगात असावा अशी आई प्रार्थना करते, यावरून तिच्यासमोर दुसरे काय उभे होते ते कळावे.

सेनेगलच्या राजधानीलगत थियारॉय नावाचे कोळी गाव आहे. 2006 मध्ये तिथून कॅनरी बेटांकडे निघालेल्या होड्यांत यायी बायाम दियूफ यांचा एकुलता एक मुलगा होता. तो परतला नाही. त्यांनी गावातल्या इतर आयांना एकत्र केले. मासळी सुकवणे, धान्य कुटणे असे धंदे सुरू केले आणि मागे उरलेल्या मुलांना थांबवायला लागल्या. त्या काळात तिकडच्या तरुणांच्या तोंडी वोलोफ भाषेतले एक वाक्य होते: बार्सा किंवा बारसाख. बार्सिलोना, नाही तर मरणोत्तर लोक.

कायदा या घरांना वेगळ्या रीतीने भेटतो. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यातल्या 108 व्या कलमाने ठरवले की सात वर्षे ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना मिळाली नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यातही ही तरतूद आहे. म्हणजे सात वर्षे थांबायचे आणि मग कोर्टात जायचे. दरम्यान जमीन त्याच्या नावावर, सातबारावर वारसनोंद होत नाही, विम्याचे पैसे मिळत नाहीत. ज्या कर्जावर एजंटाचे पैसे भरले त्याचे व्याज मात्र सात वर्षे थांबत नाही. जाणारा बहुतेकदा घरातला सर्वांत धडधाकट माणूस असतो. त्याच्यावर घराने गुंतवणूक केलेली असते: शेत गहाण, सोने मोडलेले, मेव्हण्याकडून उसने. त्याच्या न परतण्याने घर एकाच वेळी माणसाला, पैशाला आणि उत्तराला मुकते.

अटलांटिकच्या वाटेवर तर देह भलत्याच खंडात पोचतो. 2021 च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो बेटाजवळ मच्छीमारांना पांढरी-निळी होडी दिसली. आत चौदा देह होते, सुकून गेलेले. होडीची घडण मॉरिटानियाची होती. जानेवारीत ती नुआधिबूहून 43 जणांना घेऊन कॅनरी बेटांकडे निघाली, भरकटली आणि चार महिने महासागरावर वाहत पलीकडे गेली. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी होडीतल्या एका फोनच्या सिमकार्डावरून संपर्कांचे नंबर मिळवले आणि एकेक लावायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या कामानंतर 33 जणांची नावे समजली. पोलिसांचे हे काम पत्रकारांनी केले. ते चांगलेच झाले, पण यावर विसंबून राहता येणार नाही.

आता राहिला तो प्रश्न जो कोणीही विचारेल: मग जातात कशाला? धोका माहीत असून? मला या प्रश्नात नेहमी थोडी निष्ठुरता जाणवते, कारण तो वाटेला सोडून फक्त माणसाला विचारला जातो. वाटा आपोआप जीवघेण्या झालेल्या नाहीत. 1994 मध्ये अमेरिकेच्या सीमा गस्तदलाने आपले नवे धोरण लिहून काढले. शहरांजवळचे सोपे रस्ते बंद करायचे, म्हणजे लोक अधिक खडतर प्रदेशाकडे वळतील आणि तिथे त्यांना रोखणे सोपे जाईल, असा त्याचा आशय होता. लोक वळले. सोनोराच्या वाळवंटात, जिथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि माणूस दोन दिवसांचे पाणीसुद्धा पाठीवर नेऊ शकत नाही. अ‍ॅरिझोनातल्या पीमा परगण्याच्या शवचिकित्सा कार्यालयात तेव्हापासून हजारो सांगाडे आले आहेत आणि त्यांतले एक हजारांहून अधिक आजही अनामिक आहेत. भूमध्य समुद्रात लांपेदूसानंतर इटलीच्या नौदलाने 'मारे नोस्त्रुम' ही मोहीम काढून वर्षभरात सुमारे दीड लाख माणसांना वाचवले. ती 2014 च्या ऑक्टोबरमध्ये थांबवण्यात आली. खर्चाचे कारण दिले गेले आणि वाचवले जाते म्हणून लोक येतात असाही युक्तिवाद झाला. सहा महिन्यांच्या आत ती प्रगतिपुस्तकवाली बोट बुडाली. लोक येतच होते.

आपण या गोष्टीपासून फार लांब नाही. 2023 च्या नाताळात निकाराग्वाला निघालेले, 303 भारतीय प्रवाशांचे विमान फ्रान्समध्ये अडवले गेले आणि 26 डिसेंबरला पहाटे 276 जणांना घेऊन ते उतरले ते मुंबईत. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या 104 जणांत गुजरात, हरयाणा आणि पंजाबची माणसे बहुसंख्य होती; तिघे महाराष्ट्राचे होते. परतलेल्यांना बेड्या घातल्या होत्या, यावर देशात चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण जे विमानात नव्हते, त्याच वाटेने निघाले आणि ना अमेरिकेत पोचले ना अमृतसरला, त्यांच्याविषयी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. 2019 च्या जूनमध्ये अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पंजाबातली सहा वर्षांची मुलगी उष्माघाताने गेली; आई तिला सोबतच्या बाईजवळ ठेवून पाणी शोधायला गेली होती. 2022 च्या जानेवारीत गुजरातमधले चौघांचे कुटुंब कॅनडाच्या बर्फात गोठले. ही मरणे आपल्याला कळली, कारण ते देह लगेच सापडले आणि त्यांची नावे कळली.

या पुस्तकातल्या भाषेविषयी थोडे सांगायला हवे. मी 'बेकायदा माणूस' असे कुठेही लिहिलेले नाही. सीमा ओलांडणे बेकायदा असू शकते, माणूस नाही. 'घुसखोर' हा शब्द अवतरणातच येतो. वाचलेल्यांची आणि कुटुंबांची नावे मी दिलेली नाहीत, कारण यातल्या अनेकांची माणसे अजून धोक्यात आहेत. रेडक्रॉसने युरोपातल्या हरवलेल्यांच्या शोधासाठी जे फोटो प्रसिद्ध केले त्यांतही हाच विचार आहे: फोटो हरवलेल्याचा नसतो, शोधणाऱ्याचा असतो. एखादी बाई कॅमेऱ्याकडे पाहते आहे आणि खाली एवढेच की ती भावाला शोधते आहे. ओळखायचे ते त्या भावाने.

प्रकरणांचा क्रम वाटांप्रमाणे लावला आहे. पोर्टोपालोपासून सुरुवात, मग लांपेदूसा, एव्रोस, ट्युनिशियातल्या झार्झिसचे अनामिकांचे कब्रस्तान, कॅनरी बेटे आणि शेवटी अ‍ॅरिझोना. झार्झिसचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे. तिथले शम्सद्दीन मर्झूग हे एकेकाळचे मच्छीमार वर्षानुवर्षे किनाऱ्यावर वाहून आलेले देह स्वतः धुऊन पुरत आले, आणि त्या एका माणसाच्या दिनक्रमातून हा विषय मला जितका समजला तितका अहवालांतून समजला नाही.

पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून एक प्रश्नावली मराठीत दिली आहे. ओळख पटवणारे तज्ज्ञ नातेवाइकांना जे विचारतात तेच त्यात आहे. ज्यांच्या घरचे कोणी अशा वाटेने गेले आहे, किंवा जाणार असल्याची कुणकुण लागली आहे, त्यांनी ती भरून ठेवावी, एवढ्यासाठी. प्रश्न साधे आहेत. हसताना कोणता दात दिसतो? लहानपणी हाड मोडले होते का, कोणत्या हाताचे? कान टोचले होते का? अंगावर कोठे तीळ आहे? पट्टा बांधताना टोक कोणत्या बाजूला ठेवायचा? निघाला तेव्हा गळ्यात काय होते, खिशात काय होते, बनियनला टाके कोणी घातले होते आणि दोरा कोणत्या रंगाचा होता?